तळं उपसणं आणि घर वाहून जाणं : ‘अनुकूलन’ आणि ‘हानी व नुकसान’ यांत फरक काय?

नेपाळमधल्या नामचे बाजारपर्यंत जाऊन आलेले मराठी ट्रेकर आता गावोगावी भेटतात. तिथून बहुतेकांची वाट एव्हरेस्ट बेस कॅम्पकडे जाते. ती सोडून पश्चिमेच्या खोऱ्यात शिरलं की थामे लागतं. सुमारे 3,800 मीटर उंचीवरचं हे शेर्पांचं गाव, तेनझिंग नोर्गे यांचं बालपण गेलं ते. 16 ऑगस्ट 2024 रोजी दुपारी गावाच्या वरच्या अंगाची हिमतळी, म्हणजे वितळत्या हिमनदीच्या पाण्याची तळी, फुटली आणि दगडचिखलाचा लोंढा गावातून गेला. घरं गेली, शाळा गेली, दवाखाना गेला. दिवसाची वेळ होती म्हणून माणसं वाचली.

एव्हरेस्टच्या परिसरातल्या याच भागात, खुंबूत, इम्जा नावाचं मोठं हिमतळं आहे. ते फुटलं तर खालच्या गावांचं काय होईल, ही भीती अनेक वर्षं होती. म्हणून 2016 साली नेपाळी सैन्याच्या जवानांनी 5,000 मीटर उंचीवर राहून त्याला कालवा खोदला, दरवाजा बसवला आणि पाण्याची पातळी सुमारे 3.4 मीटरने खाली आणली.

हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय चर्चेत इम्जाचं काम एका रकान्यात जातं आणि थामेचं दुःख दुसऱ्या. पहिल्याचं नाव अनुकूलन, दुसऱ्याचं हानी व नुकसान. 2015 च्या पॅरिस करारात दोघांना स्वतंत्र कलमं आहेत, सातवं आणि आठवं. बातम्यांत मात्र दोन्हींसाठी ‘हवामान निधी’ हा एकच शब्द येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, पैसे मिळाले म्हणजे झालं. कुठल्या कलमाखाली मिळाले, याने डोंगरातल्या माणसाला फार फरक पडतो.

आपल्या सवयीच्या शब्दांत सांगायचं तर पूर येणार हे ओळखून बांध घालणं, पाऊस लांबतो म्हणून पेरणी पुढे ढकलणं, हे अनुकूलन. तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा आपण दुसऱ्या रकान्यात पोचलेले असतो. पण ‘आधीचं ते अनुकूलन आणि नंतरचं ते नुकसान’ एवढ्यावर थांबलं तर गफलत होते. प्रश्न वेळेचा कमी आणि मर्यादेचा जास्त आहे. जिथवर माणूस जुळवून घेऊ शकतो तिथवर अनुकूलन. त्यापलीकडे, कितीही बांधलं-खोदलं तरी जे जातंच, ते हानी व नुकसान.

लडाखकडे पाहिलं की ही मर्यादा डोळ्यांना दिसते. तिथली शेती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर चालते आणि पेरणीच्या दिवसांत, वसंतात, नेमकं पाणी नसतं. चेवांग नोरफेल या अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारं पाणी उथळ पाटांत अडवून गोठवलं, कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. पुढे सोनम वांगचुक यांनी तेच पाणी उभ्या शंकूत गोठवून बर्फाचे स्तूप केले. हे अस्सल अनुकूलन आहे, तिथल्याच माणसांनी तिथल्याच थंडीच्या भरवशावर केलेलं. पण त्यालाही हिवाळ्यात वाहतं पाणी लागतं आणि कडक थंडी लागते. या दोन्ही गोष्टी आटल्या तर स्तूप कशाचा उभारणार?

भूतानमध्ये दोन्ही रकाने एकाच खोऱ्याने पाहिले. ऑक्टोबर 1994 मध्ये लुग्ये त्शो हे तळं फुटलं आणि पुनाखाच्या परिसरात 21 माणसं गेली. त्याच भागातलं थोर्थोर्मी तळं पुढे फुटू नये म्हणून 2009 ते 2012 या काळात शेकडो मजुरांनी त्याची पातळी सुमारे पाच मीटरने उतरवली. अवजड यंत्रं तिथे पोचणं शक्य नव्हतं. माणसांनी बर्फगार पाण्यात उभं राहून हातांनी दगड उचलले. अनुकूलन हा शब्द मला फार कोरडा वाटतो तो अशा वेळी.

आता ‘हानी व नुकसान’ या जोडीकडे. मराठीत आपण एका शब्दाचा अर्थ सांगायला दुसरा वापरतो, म्हणून ही जोडी उगाच दुप्पट केल्यासारखी वाटते. वाटाघाटींत मात्र साधारण असा भेद मानतात : नुकसान म्हणजे दुरुस्त होण्याजोगं, हानी म्हणजे कायमची. थामेची शाळा पुन्हा बांधता येते. वितळून गेलेली हिमनदी परत येत नाही. मे 2025 मध्ये नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यातल्या याला हिमनदीला लोकांनी वर चढून जाऊन अखेरचा निरोप दिला. ती जवळजवळ संपली आहे. तिची किंमत कोणत्या पंचनाम्यात धरायची?

या दोन शब्दांमागे तीस वर्षांहून जुनं भांडण आहे. 1991 मध्ये वानुआतू या चिमुकल्या देशाने समुद्रात बुडू लागलेल्या बेटांच्या वतीने मागणी केली, की ज्यांच्या धुरामुळे हे होतंय त्यांनी आमच्या नुकसानीचा विमा भरावा. श्रीमंत देशांना अनुकूलनाचा पैसा देणं त्यामानाने सोपं वाटतं, कारण ती मदत असते. नुकसानीचा पैसा दिला की दोष कबूल केल्यासारखं होतं. म्हणून पॅरिसमध्ये आठवं कलम आलं खरं, पण सोबतच्या निर्णयात स्पष्ट लिहून घेतलं, की या कलमामुळे कोणाचं उत्तरदायित्व किंवा भरपाईचा हक्क निर्माण होत नाही. नुकसान हा शब्द चालतो, नुकसानभरपाई चालत नाही. हानी व नुकसानीसाठी स्वतंत्र निधी स्थापन करायला 2022 उजाडलं आणि तो सुरू करण्याचा निर्णय झाला 2023 च्या दुबई परिषदेत. तिथे सगळ्या देशांनी मिळून सुमारे 70 कोटी डॉलरची आश्वासनं दिली, त्यात अमेरिकेचा वाटा होता 1.75 कोटींचा. अनुकूलनाचा निधीही पुरेसा नाही, पण तो मोजायला वेगळी मोजपट्टी लागते : संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबाने 2023 मध्ये विकसनशील देशांना त्यासाठी सुमारे 2,600 कोटी डॉलर मिळाले.

डोंगरांची अडचण इथे आणखी वाढते. नव्या निधीच्या पहिल्या टप्प्यात निम्मा पैसा छोटी बेटं आणि अल्पविकसित देश यांच्यासाठी राखून ठेवला आहे. बेटांची एकजूट जुनी आणि पक्की आहे, तिचा मला आदरच वाटतो. डोंगरी देशांचा तसा स्वतंत्र गट या राखीव वाट्यात नाही. नेपाळ आज अल्पविकसित म्हणून त्या रांगेत आहे. भूतान डिसेंबर 2023 मध्ये त्या यादीतून बाहेर पडला. त्याची हिमतळी काही त्या तारखेला सुरक्षित झाली नाहीत.

म्हणूनच जून 2024 मध्ये जर्मनीतल्या बॉनला हवामान परिषदेच्या छत्राखाली डोंगरांवर खास तज्ज्ञ-संवाद झाला आणि मे 2025 मध्ये नेपाळने काठमांडूत ‘सगरमाथा संवाद’ भरवला, तेव्हा मला ती केवळ भाषणांची जागा वाटली नाही. डोंगरांचं म्हणणं स्वतंत्रपणे मांडायला व्यासपीठ तरी मिळालं.

तरीही काही प्रकरणं दोन्ही रकान्यांत बसत नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहेत. पेरूमधल्या वाराझ शहराच्या वर पाल्काकोचा हे हिमतळं आहे. 1941 मध्ये ते फुटून किमान 1,800 माणसं गेली. तिथले शेतकरी आणि गिर्यारोहणाचे वाटाडे साऊल लुसियानो ल्यिउया यांनी 2015 मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर दावा केला. मागणी अशी, की जगाच्या एकूण उत्सर्जनात कंपनीचा वाटा जेवढा, जवळपास अर्धा टक्का, तेवढाच खर्च तिने पुरापासून बचावाच्या कामाला द्यावा. म्हणजे काम अनुकूलनाचं आणि युक्तिवाद नुकसानभरपाईचा! 28 मे 2025 रोजी जर्मनीतल्या हाम इथल्या न्यायालयाने दावा फेटाळला, कारण त्यांच्या घराला असलेला धोका पुरेसा मोठा आढळला नाही. पण मोठ्या उत्सर्जकांना अशा परिणामांसाठी जबाबदार धरता येऊ शकतं, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केलं. जो शब्द पॅरिसमध्ये दाराबाहेर ठेवला होता, तो एका शेतकऱ्याने दुसऱ्या दाराने आत आणला.

दुसरं प्रकरण नेपाळच्या वरच्या मुस्तांगमधल्या सामजोंगचं. तिथे तळं फुटलं नाही, लोंढा आला नाही. बर्फ कमी पडू लागला, झरे एकेक करून आटले, शेतं पडीक झाली. पंचनामा करायला एक ठरावीक दिवसच नव्हता. मुस्तांगच्या पूर्वीच्या राजाने नदीजवळ जमीन दिली, तिथे लोकांनी मातीची नवी घरं बांधली आणि अख्खं गाव खाली उतरलं. अहवालात याला ‘नियोजित स्थलांतर’ म्हणतात, अनुकूलनाचं यशस्वी उदाहरण म्हणून. नव्या गावात पाणी आहे, हे खरंच आहे. वरच्या गावात पूर्वजांची घरं आहेत, पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आहेत, आणि त्यांची नोंद मात्र कुठल्याच रकान्यात झालेली नाही.