निरुपयोगी म्हणून मिळालेल्या लहरी

हौशी रेडिओ क्लबच्या, म्हणजे आवडीखातर बिनतारी यंत्रं बांधून दूरच्यांशी बोलणाऱ्यांच्या क्लबच्या, खोलीत पहिल्यांदा आलेला पाहुणा बराच वेळ नुसता बघत राहतो. एका टेबलावर सोल्डरचा धूर निघत असतो, कुणी तांब्याची तार मोजत बसलेलं असतं, भिंतीवर दूरदूरच्या देशांतून आलेली कार्डं ओळीने लावलेली असतात. शेजारी दोन घड्याळं, एक स्थानिक वेळेचं आणि एक जागतिक वेळेचं. मग तो हमखास विचारतो, "खिशात मोबाइल असताना हे सगळं कशासाठी?" मी या छंदात बरीच वर्षं आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दर वेळी १९१२ सालापर्यंत मागे जावं लागतं. क्लबमध्ये आज जे काही चालतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ त्या साली हौशी मंडळींच्या माथी मारलेल्या एका नकोशा वाटणीत आहे.

त्याआधीची दहा-बारा वर्षं मोकळ्या रानाची होती. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधल्या पोल्धूहून निघालेला संकेत आपण अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकला, असं मार्कोनीने जाहीर केलं आणि बिनतारीचं वेड घरोघर शिरलं. शाळकरी मुलं पुठ्ठ्याच्या डब्यावर तार गुंडाळून कॉइल करत, ठिणग्या पाडून संकेत पाठवत आणि खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचं टोक टेकवून ऐकत. अमेरिकेत तर परवान्याचीही गरज नव्हती. पण या छंदाची एक अडचण पहिल्या दिवसापासून होती. चित्र एकट्याने काढता येतं, डोंगर एकट्याने चढता येतो. संकेत पाठवायचा तर पलीकडे ऐकणारा लागतोच. म्हणून क्लब फार लवकर आले. न्यूयॉर्कमध्ये २ जानेवारी १९०९ रोजी मुलांनी ज्युनियर वायरलेस क्लब काढला. तोच पुढे रेडिओ क्लब ऑफ अमेरिका झाला. ऑस्ट्रेलियात १९१० मध्ये वायरलेस इन्स्टिट्यूट उभी राहिली, लंडनमध्ये १९१३ मध्ये वायरलेस क्लब निघाला आणि त्यातून आजची रेडिओ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन घडली. 'हॅम' हा शब्दही जुना. तारखात्यातले कसलेले लोक, हात न बसलेल्या नवख्या तारवाल्याला हिणवून हॅम म्हणत. हौशी मंडळींनी तोच शब्द उचलला आणि अभिमानाने मिरवला.

ठिणगीचा प्रेषक, म्हणजे ठिणग्या पाडून संकेत पाठवणारं यंत्र, हा मोठा धसमुसळा प्रकार. तो एका लहरीवर थांबत नाही, आजूबाजूचा सगळा पट्टा व्यापून टाकतो. गल्लीतल्या पोराच्या खटखटीने आरमाराचे संदेश बुडायला लागले तशा तक्रारी वाढल्या. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, त्या रात्रीच्या बिनतारी गोंधळावर चौकशा झाल्या आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. हौशी केंद्रांनी २०० मीटर किंवा त्याहून आखूड लहरींवरच राहावं आणि एक किलोवॉटपेक्षा जास्त शक्ती वापरू नये, असं त्यात ठरलं. जाणकारांचं तेव्हाचं पक्कं मत असं, की लांब पल्ल्यासाठी लांब लहरीच लागतात. आखूड लहरी थोड्या अंतरावर विरून जातात, त्यांचा कुणाला काही उपयोग नाही. म्हणजे कुणालाच नको असलेलं पडीक रान काढून दिलं होतं. पदरात पडलं आणि पवित्र झालं, एवढंच करण्यासारखं होतं.

आता २०० मीटरवर राहून दूर जायचं कसं? पहिलं उत्तर माणसांच्या साखळीचं होतं. एप्रिल १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या हायरम पर्सी मॅक्सिमला जवळच्याच स्प्रिंगफील्डला संदेश पाठवायचा होता. त्याच्या यंत्राचा आवाज तिथवर पोहोचेना. मधल्या विंडसर लॉक्स गावातल्या एका हौशी माणसाने तो उतरवून घेतला आणि पुढे धाडला. मॅक्सिमने त्यावरून देशभराची साखळी बांधायचं मनावर घेतलं आणि त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन झाली. नावातला 'रिले' आला तो इथून.

संदेश हातोहात पुढे देण्याची ही शिस्त क्लबांनी आजही टिकवली आहे. छापील तक्त्यावर संदेशाचा क्रमांक, निकड, मूळ केंद्र, वेळ, आणि 'चेक', म्हणजे मजकुरातल्या शब्दांची संख्या, असे रकाने असतात. उतरवून घेणारा शेवटी पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजतो. चेकच्या रकान्यात १५ आहे आणि कागदावर १४ च भरले, तर तो "मिळाला" म्हणत नाही. अमुक शब्दापासून अमुक शब्दापर्यंत पुन्हा सांगा, असं विचारतो. निसटलेला तो एक शब्द 'नाही' असू शकतो. सरावाच्या वेळी नव्या पोरांना याचा कंटाळा येतो, पण मी या बाबतीत कुणालाही सूट देत नाही.

दुसरं उत्तर आकाशाने दिलं, आणि ही या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत प्रिय गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात हौशी केंद्रं बंद होती. ती सुरू झाल्यावर मंडळींच्या मनाने घेतलं, की आपल्या आखूड लहरी अटलांटिक ओलांडतात का ते बघूच. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. १९२१ च्या अखेरीस पॉल गॉडली हा निष्णात हौशी श्रोता 'ग्राहक', म्हणजे संकेत पकडणारं यंत्र, घेऊन अमेरिकेहून जहाजाने निघाला आणि डिसेंबरमध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रॉसन इथे तंबू ठोकून बसला. ऐन हिवाळा, पाऊस आणि मैदानावर पसरलेली शेकडो फूट तार. अमेरिकेतून रेडिओ क्लब ऑफ अमेरिकाच्या सभासदांनी 'वन बीसीजी' हे केंद्र खास या चाचणीसाठी उभं केलं होतं. त्या सभासदांत पुढे एफएम रेडिओचा शोध लावणारा एडविन आर्मस्ट्राँगही होता. गॉडलीने त्यांचा संकेत स्पष्ट ऐकला, आणि त्याच्यासोबत इतरही अनेक हौशी केंद्रं ऐकली. एका क्लबने घरच्या साहित्यातून बांधलेलं केंद्र समुद्र ओलांडून ऐकू आलं होतं.

मग दारच उघडलं. नोव्हेंबर १९२३ च्या अखेरीस फ्रान्समधल्या नीसचा लेऑन दलोय आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर एकमेकांशी संवाद साधला. हौशी केंद्रांमधला अटलांटिकपारचा हा पहिला दुतर्फा संपर्क. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडच्या शॅग व्हॅलीतला मेंढपाळ शेतकरी फ्रँक बेल लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडरशी बोलला. गॉयडर अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरची ही दोन माणसं, आणि त्यांना जोडणाऱ्या लहरी त्याच, निरुपयोगी ठरलेल्या.

कारण वर होतं. वातावरणाच्या उंच भागात विद्युतभारित थर असावा, असा तर्क केनेली आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांनी १९०२ मध्येच केला होता. १९२४ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲपलटनने प्रयोगाने तो दाखवून दिला. आखूड लहरी या आयनांबरावरून वळून खाली येतात, जमिनीवरून पुन्हा उसळतात आणि उड्या घेत जग पार करतात. हा थर सूर्यावर अवलंबून असतो. म्हणून २० मीटरचा पट्टा सहसा दिवसा दूरवर चालतो, ८० मीटरचा रात्री. सूर्यावरच्या डागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र चढतीला असलं की १० मीटरवर थोड्या शक्तीतही खंड ओलांडता येतात. क्लबात दोघे भेटले की तब्येतीच्या आधी सौरडागांची चौकशी होते, ती यामुळे.

भिंतीवरच्या कार्डांची पद्धत याच काळातली. मी तुझ्याशी बोललो याचा पुरावा काय? तर लेखी पोच. बिनतारीच्या संक्षिप्त भाषेत क्यूएसएल म्हणजे 'पोच मिळाली', म्हणून कार्डाचं नाव क्यूएसएल. त्यावर संपर्काची तारीख, वेळ, लहर आणि संकेताचा दर्जा लिहितात. वेळ जागतिक, कारण एकाच्या सोमवारी दुसऱ्याचा मंगळवार उजाडलेला असतो. दुसरं घड्याळ हवं ते त्यासाठी. देश गोळा करण्याची चुरस वाढली तशी १९३७ मध्ये शंभर देशांशी संपर्क सिद्ध करणाऱ्यांसाठी डीएक्ससीसी हा सन्मान सुरू झाला, आणि तो आजही चालू आहे.

लहरींची किंमत कळल्यावर त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा जाणार हे उघड होतं. एकट्यादुकट्या क्लबाचं तिथे काय चालणार? १८ एप्रिल १९२५ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला. १८ एप्रिल जागतिक हौशी रेडिओ दिन झाला तो त्यावरून. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत १६०, ८०, ४०, २० आणि १० मीटरच्या पट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झालं. यातला प्रत्येक आकडा आधीच्याच्या निम्मा आहे. प्रेषकातून मूळ लहरीसोबत तिच्या निम्म्या लांबीची आगंतुक लहरही निसटते. ती पडलीच तर आपल्याच अंगणात पडते, शेजाऱ्याच्या नाही.

संकटकाळी धावून जाण्याची परंपरा सांगायची तर मी नेहमी १९२८ ची हकिगत सांगतो. २५ मे रोजी 'इटालिया' हे हवाई जहाज उत्तर ध्रुवावरून परतताना बर्फावर कोसळलं. वाचलेल्यांमध्ये जुझेप्पे ब्याजी हा बिनतारीवाला होता. छोट्याशा लघुलहरी यंत्रावरून तो दिवसेंदिवस हाका मारत राहिला. त्या ऐकल्या निकोलाय श्मिट या रशियन हौशी तरुणाने, ३ जूनला, एका आडगावात, घरी बनवलेल्या ग्राहकावर. शोधाला दिशा मिळाली. बर्फावर अडकलेल्या शेवटच्या माणसांपर्यंत 'क्रासिन' हे बर्फफोडे जहाज १२ जुलैला पोहोचलं.

१९३३ पासून अमेरिकन लीगने फील्ड डे सुरू केला, तो अशाच प्रसंगांच्या तयारीसाठी. घरची वीज नाही, घरचा खांब नाही, उघड्यावर जाऊन केंद्र उभारायचं. क्लबच्या वर्षातला हा सर्वांत मोठा दिवस. ४० मीटरच्या पट्ट्यावरच्या अँटेनासाठी साधारण २० मीटर तार लागते, मधोमध तोडून दोन्ही बाजूंना १०-१० मीटर. दोरीच्या टोकाला वजन बांधून ते फांदीवरून पलीकडे भिरकावायचं. पहिल्या दोन-तीन फेकी वाया जातातच. दोरी सरकली की तार वर चढते, मग मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे तारेत न जाता किती शक्ती परत फिरते त्याचं माप, बघायचा. आकडा जास्त आला की तार खाली, दोन्ही टोकांना चार-चार बोटं कमी, पुन्हा वर. तार आधी लांबच ठेवावी, कारण कापणं सोपं आणि जोडणं त्रासाचं. अंधार पडेपर्यंत हात खरचटलेले असतात आणि मीटरचा काटा खाली आलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा सगळं मुकं केलं. ब्रिटनमध्ये हौशी लोकांचे प्रेषक ताब्यात घेतले गेले. पण मंद, तुटक मोर्स कानांनी वेचण्यात या लोकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्यातल्या अनेकांना गुप्तपणे घरी बसून जर्मन हेरखात्याचे संकेत टिपायला सांगितलं गेलं. नोंदींचे कागद टपालाने 'बॉक्स २५, बार्नेट' या पत्त्यावर जात आणि तिथून ते संकेत ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेदन केंद्राच्या कामी येत. युद्ध संपल्यावर लष्कराची उरलेली यंत्रं स्वस्तात बाजारात आली आणि त्यांच्यात फेरफार करून ती हौशी पट्ट्यांवर आणणं हाच क्लबांचा उद्योग झाला. संध्याकाळी जमून एकत्र जोडकाम करायची सवय त्या वर्षांत घट्ट झाली.

त्याच सवयीतून उपग्रह निघाला. स्पुटनिकनंतर अवघ्या चार वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, कॅलिफोर्नियातल्या हौशी गटाने बनवलेला ऑस्कर-१ अवकाशात गेला. वजन सुमारे साडेचार किलो. रॉकेटवर तोलासाठी वजन ठेवतात, त्या जागी तो बसवला होता. तो फक्त मोर्समध्ये 'हाय' म्हणे, आणि आतल्या तापमानाप्रमाणे त्या 'हाय'चा वेग बदले. २८ देशांतल्या ५७० हून अधिक लोकांनी तो ऐकून नोंदी पाठवल्या. बॅटरी तीन आठवडे टिकली. १९८३ मध्ये अंतराळवीर ओवेन गॅरियट कोलंबिया यानातून हातातल्या संचावर पृथ्वीवरच्या हौशी केंद्रांशी बोलला. २००० सालापासून अवकाशस्थानकातले अंतराळवीर शाळांतल्या मुलांशी बोलतात. स्थानक डोक्यावरून जाईपर्यंत जेमतेम दहा मिनिटं मिळतात, त्यामुळे मुलं प्रश्न तोंडपाठ करून रांगेत उभी असतात.

नंतरचे बदल क्लबमध्ये रोज दिसतातच. उंचावरच्या रिपीटरमुळे, म्हणजे संकेत पकडून जोरात पुढे पाठवणाऱ्या यंत्रामुळे, दोन मीटरच्या पट्ट्यावर हातातल्या संचाने अख्खा परिसर गाठता येतो, आणि दर आठवड्याच्या ठरल्या वेळी हजेरीचं 'नेट', म्हणजे सगळ्यांची रेडिओवरची बैठक, चालतं. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने लघुलहरींच्या परवान्यासाठी मोर्सची सक्ती काढली. तेव्हा काही जुन्या सभासदांना फार लागलं होतं. आता मोर्स शिकणारे स्वखुशीने शिकतात, आणि मला ते जास्त आवडतं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला जो टेलर स्वतः हौशी रेडिओवाला. स्टीव्ह फ्रँकेसोबत त्याने २०१७ मध्ये आणलेली एफटी८ ही पद्धत १५-१५ सेकंदांच्या पाळ्यांत, कानाला ऐकूही न येणारे संकेत गोंगाटातून उपसून काढते. यात गप्पा होत नाहीत म्हणून काहीजण नाकं मुरडतात. १९२१ साली तंबूत बसलेला गॉडली मात्र यासमोर रात्रभर हलला नसता, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न विचारणारा तो पाहुणा पुष्कळदा परत येतो, अभ्यासाला बसतो, परीक्षा देतो. परवाना हातात पडल्यावर पहिल्या दिवशी तो मायक्रोफोन धरतो आणि त्याचा घसा कोरडा पडतो. यंत्र पाठ असतं, नियम पाठ असतात, तरी बटण दाबल्यावर आवाज फुटत नाही. शेवटी तो आपलं संकेतनाव, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली केंद्राची ओळख, एकेक अक्षर फोड करून म्हणतो, बटण सोडतो आणि सगळ्यांकडे बघतो. स्पीकरमधून नुसती सरसर. तो पुन्हा म्हणतो. मग त्या सरसरीच्या तळातून एक अनोळखी आवाज वर येतो आणि त्याचंच संकेतनाव त्याला परत सांगतो, एक अक्षर चुकवून. खोलीतलं कुणी काही बोलत नाही. तो घाईघाईने बटण दाबतो आणि ते अक्षर दुरुस्त करतो.