पेनड्राइव्हवरून सर्व्हर उठतो कसा

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा सर्व्हर बसवायचा म्हणून तिची आयएसओ फाइल, म्हणजे बसवायचं सगळं सामान एकाच फाइलीत, उतरवून घेतली, नेहमीच्या सवयीने पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली, पेनड्राइव्ह मशिनला लावला आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: बूट करण्याजोगं, म्हणजे ज्यावरून मशिन सुरू करता येईल असं, काही सापडलं नाही. पहिल्यांदा मी नेमकं हेच केलं होतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल व्यवस्थित दिसत होती. मग सर्व्हरला का दिसेना?

कारण ‘फाइल’ दिसायला ऑपरेटिंग सिस्टिमचे डोळे लागतात. पेनड्राइव्हवर खरे असतात ते नुसते क्रमांक टाकलेले कप्पे. कोणत्या फाइलचे तुकडे कोणत्या कप्प्यांत आहेत याची वही म्हणजे फाइल सिस्टिम, आणि ती वही वाचायला शिकलेली असते ऑपरेटिंग सिस्टिम. इथे तर तीच अजून उठायची आहे.

बटण दाबल्यावर इंटेलच्या घराण्यातला प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरून कामाला लागतो. तो पत्ता ४ जीबीच्या हद्दीच्या फक्त १६ बाइट अलीकडे असतो. तिथे मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे मशिनमध्येच कायमचा बसवलेला प्रोग्रॅम, भेटतं. १६ बाइटांत मावणार तरी काय? ‘पुढे अमुक जागी उडी मार’ एवढंच. तिथून फर्मवेअर मेमरी, कीबोर्ड वगैरे जागं करतं आणि बूट कशावरून करायचं ते शोधू लागतं.

जुन्या वळणाचं फर्मवेअर म्हणजे बायोस. ते डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट उचलून मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर ठेवतं आणि शेवटचे दोन बाइट तपासतं. षोडशमान पद्धतीत ते ५५ आणि एए असायला हवेत. शून्य-एकात मांडले तर ०१०१०१०१ आणि १०१०१०१०, एकात जिथे शून्य तिथे दुसऱ्यात एक. ही खूण सापडली की बायोस सूत्रं त्या ५१२ बाइटांच्या हाती देऊन मोकळं होतं. आत काय आहे याची चौकशी नाही.

त्या ५१२ पैकी ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या, तक्त्याला जातात, २ या खुणेला. प्रोग्रॅमला उरले ४४६. देवनागरी मजकूर साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला, अगदी काना-मात्रेलाही, ३ बाइट लागतात. म्हणजे तेवढ्या जागेत १४८ चिन्हं, जेमतेम दोन वाक्यं! एवढासा प्रोग्रॅम सर्व्हर काय चालवणार? तो फक्त आपल्याहून मोठ्या प्रोग्रॅमला हाक मारतो. तो मोठा प्रोग्रॅम, बहुधा ग्रब, लिनक्सचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, मेमरीत आणतो. स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या कल्पनेवरून या प्रकाराला ‘बूट’ हे नाव पडलं.

आता आयएसओ फाइलकडे येऊ. ही मुळात सीडीची हुबेहूब प्रतिमा. १९८८ च्या आयएसओ ९६६० या मानकाने सीडीच्या सुरुवातीचे ३२,७६८ बाइट मोकळे सोडले, त्यामुळे सीडी वाचणारा त्यांच्याकडे बघतच नाही. सीडीवरून बूट करायचा नियम १९९५ मध्ये वेगळा ठरला, त्याचं नाव एल टोरिटो. पण पेनड्राइव्ह फर्मवेअरला सहसा हार्ड डिस्क वाटतो, त्यामुळे तो नियम तिथे लागू पडत नाही. मग लिनक्सवाल्यांनी त्या मोकळ्या पट्टीतच ते ५१२ बाइट नेऊन बसवले. सीडी समजून वाचणारा पट्टी ओलांडून जातो, हार्ड डिस्क समजून वाचणाऱ्याला पहिल्याच पावलावर खूण मिळते. या युक्तीचं मला अजून कौतुक वाटतं.

नव्या यूईएफआय फर्मवेअरसाठी याच प्रतिमेत आणखी एक दार असतं. यूईएफआयला फाइली कळतात, पण फॅट या जुन्या, साध्या फाइल सिस्टिमच्या पार्टिशनवरच्या. नेहमीच्या ६४ बिट मशिनवर ते ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल शोधतं. मी कॉपी केलेली आयएसओ त्यालाही दिसली असेल, पण त्याच्या लेखी तो एक बंद खोका. आत डोकावायची त्याला मुभा नाही.

म्हणून आयएसओ पेनड्राइव्हवर ‘ठेवायची’ नसते, ‘लिहायची’ असते: तिचा पहिला बाइट पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटवर, दुसरा दुसऱ्यावर, असं शेवटपर्यंत. एचरसारखी साधनं हे काम करतात. टर्मिनलवर युनिक्सची जुनी डीडी कमांड आहे. ती विचारत काही नाही. पेनड्राइव्हच्या जागी चुकून घरच्या डिस्कचं नाव दिलंत तर तीही मुकाट्याने पुसते, म्हणून एंटर दाबण्याआधी नाव आणि आकार दोन्ही पडताळा. उतरवलेल्या आयएसओचा शा-२५६ ठसा (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) डिस्ट्रोच्या, म्हणजे तुम्ही निवडलेल्या लिनक्सच्या आवृत्तीच्या, संकेतस्थळावरच्या ठशाशी जुळतो का, तेही आधीच पाहून घ्या.

आणखी एक गोम. डीडी काही सेकंदांत ‘झालं’ म्हणू शकते, कारण लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत घेतो आणि पेनड्राइव्हवर सावकाश उतरवतो. सेकंदाला ८ एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला २.४ जीबीसाठी पाच मिनिटं हवीत. दिवा लुकलुकत असताना तो उपटलात तर प्रतिमा अर्धवट राहते. सिंक ही कमांड द्यायची आणि ती परत येईपर्यंत हात लावायचा नाही.

कर्नल उठल्यावरही एक तिढा उरतोच. पेनड्राइव्ह वाचायला ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, हवा आणि तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवरच पडलेला असू शकतो. यावर तोड म्हणजे इनिटरॅमएफएस, गरजेपुरते ड्रायव्हर आणि चार अवजारं भरलेली शिदोरी. ग्रब ती कर्नलच्या सोबतीनेच मेमरीत आणून ठेवतो. तिच्या जोरावर कर्नल पेनड्राइव्ह उघडतो आणि पडद्यावर भाषा निवडायची यादी येते.

माझा सर्व्हर असा एकदाचा बसला. मॉनिटर काढला, दुसऱ्या मशिनवरून लॉगिन करू लागलो. काही दिवसांनी वीज गेली, परत आली, आणि सर्व्हर काही केल्या उत्तर देईना. शेवटी मॉनिटर जोडून पाहिला. भाषा निवडायची तीच यादी समोर होती. पेनड्राइव्ह मागच्या खाचेत तसाच राहिला होता, आणि बूटच्या क्रमात त्याचा नंबर अजून पहिला होता.