काठी, पेन्सिल आणि सहा फूट दोन इंचांचा भाचा

भाचा इंजिनिअरिंगला पुण्यात आला. त्याला पहिली गाडी घ्यायची आहे असं कळताच आमच्या पार्किंगमध्ये तज्ज्ञ समिती जमली. पोरगा सहा फूट दोन इंच, त्यामुळे निकाल पाच मिनिटांत लागला. "हा स्प्लेंडरवर सर्कशीतल्या अस्वलासारखा दिसेल. बुलेटच घे रे!" उंच माणसाला जड आणि जास्त सीसीची गाडी लागते, हे आपल्याकडे कुणी तपासून न पाहिलेलं सत्य आहे.

सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन सरकतो तेवढी जागा. स्प्लेंडरची ९७.२, बुलेटची ३४९. या आकड्याचा मांडीच्या लांबीशी काडीचा संबंध नाही. उंचीचा संबंध येतो गुडघ्याशी आणि तोलाशी. गुडघ्याचं पटकन उरकतो, कारण मला बोलायचंय तोलाबद्दल.

भाच्याला पार्किंगमधल्या गाड्यांवर एकेक करून बसवलं. एका गाडीवर हँडल पूर्ण डावीकडे वळवलं तर ते थेट त्याच्या गुडघ्यावर आपटलं. म्हणजे यू-टर्न घेताना वळणं अर्ध्यातच थांबणार. दुसरीवर त्याचा अकरा नंबरचा बूट गिअरच्या दांडीखाली शिरेचना. या दोन गोष्टी शोरूममध्ये उभ्या गाडीवर तपासता येतात, आणि त्या कुणीही तपासत नाही. बाकी हिशोब बारावीच्या कोसाइन सूत्राचा. मांडी ४६ सेंटिमीटर, गुडघ्यापासून तळवा ५०, आणि खुब्यापासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर ५५ असेल, तर गुडघा ७० अंशांत दुमडतो. तेच अंतर ६५ केलं तर ८५ अंश. म्हणजे एक सेंटिमीटरला दीड अंश. तासाभराच्या ट्रॅफिकनंतर हे दहा-पंधरा अंश गुडघ्याला बरोब्बर कळतात. तेव्हा नुसती सीटची उंची नाही, सीट ते फूटरेस्ट हे अंतर मोजायचं.

आता तोल. घरी करून बघा. तळहातावर पेन्सिल उभी धरा, मग दीड मीटरची काठी. पेन्सिल क्षणात पडते, काठी मात्र थोड्या सरावाने तोलता येते. लांब वस्तू अस्थिर असेल असं मनाला वाटतं, प्रत्यक्षात उलटं होतं.

कारण असं. काठी थोडी कलली की गुरुत्वाकर्षण तिला आणखी कलवतं, आणि जितकी जास्त कलते तितका पडण्याचा वेग वाढतो. हा उलटा लोलक. कल सुमारे पावणेतीनपट व्हायला लागणारा वेळ वर्गमुळातून निघतो: लांबीची दुप्पट भागिले गुरुत्वीय त्वरणाची तिप्पट, आणि त्याचं वर्गमूळ. १८ सेंटिमीटरच्या पेन्सिलीला ०.११ सेकंद, दीड मीटरच्या काठीला ०.३२ सेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. पेन्सिल त्याच्या आतच निसटते, काठी मात्र तुमची वाट बघते. गाडी आणि स्वार मिळून असाच एक उलटा लोलक असतो. स्वार उंच, सीट उंच, म्हणजे गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं असतं तो बिंदू) वर, म्हणजे पडणं संथ. चालत्या गाडीवर उंच माणूस डळमळतो ही समजूत इथेच निकालात निघते.

पण काठीखाली हात सरकवता येतो, तसं गाडीखाली काय सरकतं? चाकंच. गाडी डावीकडे कलली की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो आणि चाकं पडणाऱ्या वजनाखाली येतात. चाकं गरगर फिरतात म्हणून गाडी उभी राहते, असं अनेकांना वाटतं. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० मध्ये सायकलला उलट दिशेने फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम जवळजवळ पुसून टाकला. तरी त्याला ती सायकल चालवता आली.

हँडलने सावरण्याची ही ताकद वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि इथे पुण्याचा ट्रॅफिक आडवा येतो. दोन चाकांत १.३५ मीटर अंतर धरा. ताशी २० किलोमीटरला ३ अंश वळवलेलं हँडल ७ अंशांचा कल तोलून धरतं. तेच ३ अंश ताशी ५ किलोमीटरला अर्धा अंशही सावरत नाहीत. वेग एक चतुर्थांश, ताकद एक षोडशांश. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सगळे पाय लोंबकळवत का जातात, त्याचं हे उत्तर. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना घाम फुटतो, तोही यामुळेच.

आणि गाडी थांबली की काठीचं सगळं कौतुक संपतं. आता उंच गुरुत्वमध्य मदत करत नाही, तोच गाडी पाडतो. १९५ किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर, हँडल एक मीटरवर. दहा अंश कलली तर हँडलवर १७ किलो पेलावे लागतात, वीस अंशांना ३३, तीस अंशांना ४९. बुलेटच्याच कंपनीची, रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० एवढ्याच वजनाची आहे. ११२ किलोच्या स्प्लेंडरला तीस अंशांनाही २८ पुरतात. नवख्याची गाडी पडते ती बहुधा अशीच, सिग्नलला, शून्य वेगाला. लांब पायांचा खरा फायदा इथे आहे: पाय आधी टेकतो, गाडी पाच अंशांतच अडते, तीस अंशांपर्यंत जातच नाही. तो फायदा जास्तीचं वजन उचलण्यात का घालवायचा?

म्हणून माझं मत समितीच्या उलट होतं: गाडी उंच घे, पण हलकी घे. भाच्याला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, दोन्ही पायांमध्ये जाडजूड शब्दकोश वर दाबून धरायला लावला आणि कोशाच्या कण्यापासून फरशीपर्यंत टेप लावली. ८९ सेंटिमीटर. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर, क्लासिकची ८०५, हीरोच्या एक्सपल्स २०० या उंच गाडीची ८२५. म्हणजे सर्वांत उंच सीटवरही त्याचे दोन्ही तळवे टेकणार होते. (सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि त्यातले दोन-तीन सेंटिमीटर जातात, तेवढे वजा करा.) आणि एक्सपल्स क्लासिकपेक्षा पस्तीसेक किलो हलकी.

नंबरची बेरीज नऊ यावी, असा ताईचा आग्रह होता. नऊ बेरजेच्या आणि आठ बेरजेच्या गाडीला गुरुत्वाकर्षण एकाच दराने खेचतं, हे मी सांगून पाहिलं. मग सारसबागेत पूजा झाली आणि चाकाखाली लिंबू आलं. पहिल्यांदाच क्लच सोडणारा पोरगा, शून्य वेग, आजूबाजूला चार नातेवाईक: तोल जायला याहून अनुकूल परिस्थिती प्रयोगशाळेतही जुळवता येणार नाही. चिरडलेल्या सालीवरून टायर घसरू शकतो, लिंबाचा एवढा परिणाम मीही मानतो.

गाडी शेवटी सेकंड हँड एक्सपल्स घेतली. आता महिना झाला. गुडघे ठीक आहेत, आठचा आकडा दुसऱ्या खेपेला जमला. एक गोष्ट मात्र माझ्या हिशोबातून सुटली होती. ताई पाच फूट उंच आहे. मंडईत जायचं असेल की ती पार्किंगच्या कट्ट्यावर उभी राहते, भाचा गाडी कट्ट्याला लावतो, आणि ती माझ्या नावाने काहीतरी पुटपुटत मागे बसते.