डिजिटल कोलाजच्या मागची मुंबई

कोलाजचा, म्हणजे वेगवेगळे तुकडे जोडून केलेल्या चित्राचा, इतिहास सांगायला बसलं की बहुतेक जण पॅरिसपासून सुरुवात करतात. १९१२ साली पिकासोने वेताची वीण छापलेला मेणकापडाचा तुकडा चित्रावर चिकटवला. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना होख या चित्रकर्तीने मासिकांतले फोटो कापून त्यांतून नवीच माणसं उभी केली. हे सगळं शिकायलाच हवं. पण फोटोशॉप शिकणाऱ्या मुंबईच्या मुलामुलींनी त्याहून अर्धशतक जुनं, आपल्याच शहरातलं एक काम आधी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

विल्यम जॉन्सन हा मुंबईत व्यवसाय करणारा छायाचित्रकार. इथल्या वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांच्या छायाचित्रांचे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनहून निघाले. त्यांतली बरीचशी चित्रं जोडकाम आहेत. माणसं स्टुडिओत टिपलेली, मागचं मुंबईचं दृश्य वेगळं घेतलेलं, आणि दोन्ही एकाच छापात बसवलेली. त्या काळी काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा आणि धुवावा लागे. त्यामुळे भर रस्त्यात गटाला स्थिर उभं करून चित्र घेणं फार जिकिरीचं होतं. जोडकाम त्याहून सोयीचं. नीट पाहिलं तर काही आकृत्यांची कड मागच्या दृश्यापासून सुटलेली दिसते, उजेडही जुळत नाही. आज बॅकग्राउंड बदलताना नवशिक्याच्या हातून नेमकं हेच होतं.

पुढची शाळा सिनेमाच्या पोस्टरची. दिवाकर करकरे यांच्यासारख्या कलाकारांच्या काळात, म्हणजे १९७०च्या आसपास, नटनट्यांचे स्टिल फोटो कापायचे, कुणाचा चेहरा मोठा, कुणाची आकृती छोटी असं बोर्डावर मांडायचं आणि वरून ब्रशने किंवा रंग पसरायच्या नाइफने रंग चढवायचा, अशी पद्धत चालायची. रंगामुळे जोड झाकला जाई आणि वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात घेतलेले चेहरे एका प्रसंगातले वाटू लागत. मला या कामात सगळ्यात जास्त कसब दिसतं ते चेहऱ्यांच्या मापात. कुणाला किती जागा द्यायची, यावरच पोस्टर उभं राहतं किंवा पडतं. वर्तमानपत्रं आणि जाहिरात संस्थांमध्ये ब्रोमाइड, म्हणजे फोटो-कागदावर काढलेले मजकूर-चित्रांचे प्रिंट, कापून पानावर चिकटवणारे पेस्ट-अप आर्टिस्टही याच घराण्यातले. एकदा चुकीचं कापलं की नवा प्रिंट काढण्यावाचून इलाज नसे.

संगणकाने इथेच फरक पाडला, पण लगेच नाही. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नॉलने १९८७ साली मॅकिन्टॉशवर करड्या छटांची चित्रं दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉनसोबत त्याने तो वाढवला आणि १९९० मध्ये अडोबी कंपनीने तो फोटोशॉप म्हणून बाजारात आणला. पहिल्या आवृत्त्यांत लेअर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे सुटे थर, नव्हते. तुकडा पेस्ट करून त्याचं सिलेक्शन (निवड) सोडलं की तो खालच्या चित्रात मिसळून जाई, डिंकाने चिकटवल्यासारखाच. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले आणि प्रत्येक तुकडा सुटा राहू लागला. तो हलवता येतो, लपवता येतो, पुन्हा आणता येतो. लेअर मास्कवर, म्हणजे लेअरला जोडलेल्या झाकणावर, काळा रंग दिला की तेवढा भाग झाकतो, पांढरा दिला की परत उघडतो. मूळ फोटोला धक्का लागत नाही. माझ्या मते कोलाजच्या इतिहासातली कात्रीनंतरची सगळ्यात मोठी सोय हीच.

कलावंत विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये चित्रकार अमृता शेरगिल यांच्या घरच्या जुन्या फोटोंतून डिजिटल फोटोमोंटाज, म्हणजे फोटोंचे कोलाज, केले आणि हे तंत्र कलादालनात गांभीर्याने पाहिलं गेलं. मुंबईच्या रस्त्यावर मात्र ते फ्लेक्समधून पोचलं. वाढदिवस, दहीहंडी, गणपती. मधोमध नेता आणि भोवती शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. लालबाग-दादरच्या छोट्या दुकानांत हे बॅनर करणाऱ्यांना कलावंत म्हणायला लोक कचरतात. मी कचरत नाही. त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एक फोटो लग्नातला, दुसरा सेल्फी, तिसरा ओळखपत्रावरून काढलेला. आणि संध्याकाळपर्यंत ते सगळे एका ओळीत, एका मापात, एका उजेडात उभे करायचे असतात. कडा काढण्याचं काम आता मोबाइलसुद्धा क्षणात करतो. उजेड कुठल्या बाजूने येतोय आणि कुणाचा चेहरा किती मोठा ठेवायचा, हे मात्र अजून डिझायनरच ठरवतो.