इंग्रजी वाचन-लेखन शिकवण्याच्या पद्धती (मराठी मुलांसाठी)

घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी वाचायला-लिहायला शिकवण्यासाठी आणि त्याचे शब्द वाढवण्यासाठी वर्गात वापरतात त्या पद्धती. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी २००० पासून पहिलीपासूनच आहे, आधी पाचवीत यायचं. मुंबईत मनपाच्या शाळा, सेमी-इंग्लिश, कॉन्व्हेंट आणि गल्लोगल्लीचे क्लासेस असं सगळं एकाच वेळी चालू असतं, त्यामुळे अमुक एक पद्धत मुंबईची असं काही नाही.

मराठीची मदत घ्यायची की नाही हा वाद जुना आहे. १८४० च्या दशकात मुंबई इलाख्यातलं शिक्षण पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये त्याचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने आणि जगन्नाथ शंकरशेट मातृभाषेच्या बाजूने उभे राहिले, पण तो वाद माध्यमाचा होता, शिकवण्याच्या तंत्राचा नव्हे, बरेच जण या दोन वादांची गल्लत करतात. तंत्राचा वाद नंतरचा. एकोणिसाव्या शतकात मुख्यतः व्याकरण आणि भाषांतर चालायचं, मग विसाव्याच्या सुरुवातीला युरोपातून डायरेक्ट मेथड आली, म्हणजे मातृभाषा वर्गाबाहेर. मुंबई इलाख्यात तिचा पुरस्कार करणाऱ्यांत, साधारण १९१० च्या आसपास, पी. सी. रेन होते, हे तेच 'रेन अँड मार्टिन' व्याकरणवाले, गंमतच आहे! तिकडे ढाक्यात शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात वेगळीच बाजू मांडली, की मुलं शाळा मधेच सोडतात तर बोलण्याआधी वाचन येऊ दे आणि त्यासाठी नेहमी लागणारे शब्द आधी निवडा. त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी १९५३ ला आली. मातृभाषेला पूर्ण बंदी आता फारसं कोणी मागत नाही, आणि पहिली-दुसरीच्या वर्गात ते पटतंही.

वाचनात सध्या फोनिक्सचा जोर आहे. जुनी रीत म्हणजे 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' कोरसमध्ये घोकणं, त्यात अक्षरांची नावं पाठ होतात पण ती जोडून कॅट कसं झालं ते कळत नाही. फोनिक्समध्ये आधी आवाज, आणि क्रमही ए-बी-सी नसतो, बऱ्याच ठिकाणी एस, ए, टी, पी, आय, एन अशी सुरुवात करतात कारण एवढ्यातच सॅट, पिन, टॅप, नॅप तयार होतात. अडचण अशी की अक्षरं २६ आणि आवाज सुमारे ४४. शिवाय देवनागरी शिकलेलं मूल प्रत्येक अक्षराला अ चिकटवतं. पण तेच मूल 'कमळ' वाचताना शेवटचा अ आपोआप गाळतं, तर जाणत्या बाई तिथूनच सुरू करतात, 'कमळचा ळ तोडतोस ना, तसाच ट तोड.' व्ही आणि डब्ल्यूचा फरक मात्र मराठीच्या व मधून कळत नाही, तिथे दात-ओठ दाखवूनच शिकवावं लागतं.

शब्दांच्या बाबतीत मुंबईचं मूल रिकाम्या हाताने येत नाही. प्लॅटफॉर्म, सिग्नल, लिफ्ट, इंडिकेटर कानाला ओळखीचे असतात, फक्त स्पेलिंग दाखवायचं. स्टेशनच्या पाट्याही वापरता येतात, पण निवडून. दादरमध्येच पहिला ए 'आ' आणि दुसरा 'अ', ठाण्यात टी-एच म्हणजे ठ आणि शेवटचा ई उच्चारायचा, शीवचं तर सायन. खरं काम मधल्या थराच्या शब्दांचं, कंपेअर, रीझन, रिझल्ट वगैरे, जे रोजच्या बोलण्यात कमी पण प्रत्येक विषयाच्या पुस्तकात येतात (रोजचे, हे मधले आणि एकेका विषयाचे खास, अशी तीन थरांची मांडणी संशोधक इसाबेल बेक आणि सहकाऱ्यांची). ते एकदा अर्थ सांगून बसत नाहीत, वेगवेगळ्या वाक्यांत परत परत भेटावे लागतात. स्वतःचं स्वतः वाचायचं तर शंभरातले साधारण ९८ शब्द माहीत हवेत, असं हू आणि नेशन या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासावरून धरतात.

लेखन चार रेघी वहीपासून. देवनागरी शिरोरेघेला लटकते, इंग्रजी अक्षरं रेघेवर उभी राहतात आणि जी, वाय खाली उतरतात, त्यात बी-डी उलटसुलट होतातच. पुढे क्रियापद शेवटी टाकायची सवय मोडावी लागते. 'माय बेस्ट फ्रेंड' पाठ करून उतरवणं अजून चालतं, त्यापेक्षा आधी मराठीत तोंडी सांगून घ्यायचं आणि फळ्यावर अर्धं वाक्य द्यायचं हे बरं. 'आय गो टू स्कूल बाय' एवढं दिलं की कोणी बस लिहितं, कोणी ट्रेन, आणि 'बाय वॉक'वाले निघतातच, त्यांना 'ऑन फूट' वेगळं शिकवायचं.