इंजिन ओव्हरहॉलमधील भागनिवड

इंजिन पूर्ण खोलल्यावर कोणता भाग तसाच ठेवायचा, कोणता मशिनिंग करून वापरायचा आणि कोणता भंगारात टाकायचा हे ठरवणे म्हणजे भागनिवड. गॅरेजमध्ये हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे 'हाफ इंजिन' आणि 'फुल इंजिन' हे दोनच प्रकार चालतात. हाफ म्हणजे क्रँकला (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) हात न लावता हेड (सिलिंडरवरचे झाकण), पिस्टन आणि त्याच्याभोवतीच्या रिंगांचे काम. फुल म्हणजे क्रँकसकट सगळे. गिऱ्हाइकाला खर्चाचा आकडा यावरून सांगितला जातो, तोही बहुधा इंजिन उघडण्याआधी. निर्णय मात्र भाग रॉकेल-डिझेलने धुऊन टेबलावर आल्याशिवाय होत नाही, कारण काजळीखाली तडा आहे की ओरखडा हे कोणालाच सांगता येत नाही.

सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या भागाची दोन मापे असतात: नव्या भागाचे माप आणि झिजेची मर्यादा. मर्यादेबाहेर गेलेला भाग बाद, यात वाद नाही. पेच असतो तो मर्यादेच्या अगदी काठावर आलेल्या भागाचा. असा भाग आज चालेल. पण इंजिन पुन्हा कधी उघडणार आणि त्या भागापर्यंत पोचायला किती खोलावे लागणार, हे पाहून ठरवावे लागते. गॅस्केट, ऑइल सील, पिस्टन पिनचे सर्क्लिप, स्प्लिट पिन यांच्यावर विचार करण्यात वेळ घालवू नये. त्या नव्याच लागतात. ताणून कसायचे हेड बोल्टही तसेच. ते एकदा कसले की कायमचे लांबतात.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, तेलाचा थर तुटतो आणि ज्वलनाचा दाब रिंगेला मागून भिंतीवर रेटतो. म्हणून सर्वांत जास्त झीज तिथे होते आणि तिच्या वर, जिथे रिंग पोचत नाही, तिथे बोटाला लागणारी कड उरते. बोअर गेजने (आतला व्यास मोजणाऱ्या साधनाने) वर, मधे आणि खाली, प्रत्येक ठिकाणी उभे-आडवे, असे सहा वेळा मोजतात. बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट ३५० घेतली तर तिचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिमी. समजा वरचे माप ७०.१८ आणि खालचे ७०.०३ आले. फरक फक्त ०.१५ मिमी, पण रिंगेचे तोंड (तिच्या दोन टोकांमधली फट) परिघावर उघडते, म्हणजे व्यासातल्या फरकाच्या ३.१४ पट. प्रत्येक फेरीत ते सुमारे ०.४७ मिमी उघडणार आणि मिटणार. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून धूर थांबवण्याचा उद्योग सर्रास चालतो, आणि काही महिन्यांत गाडी पुन्हा तेल खायला लागते. इथे बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करून, ओव्हरसाइज (जास्त व्यासाचा) पिस्टन घालणे हाच इलाज. मात्र पिस्टन आधी आणावा, मोजावा आणि मग त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा. डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये.

कार-ट्रकच्या इंजिनात क्रँकवर पातळ अर्धगोल बेअरिंगे असतात. ती बदलायचीच असतात, पण फेकायच्या आधी वाचायची असतात. चांगले बेअरिंग करडे, मंद दिसते. वरचा मऊ थर गेला की खालचे तांबे चमकते. मेन बेअरिंगमध्ये (ज्यावर क्रँक इंजिनच्या ब्लॉकमध्ये फिरतो) भार खालच्या पाळीवर, म्हणजे खालच्या अर्ध्या भागावर, येतो आणि कनेक्टिंग रॉडमध्ये (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यात) वरच्या, त्यामुळे तिथली झीज स्वाभाविक. पण रॉडच्या वरच्या पाळीची एक कड आणि खालच्या पाळीची विरुद्ध कड घासलेली असेल, तर रॉड वाकला आहे असे समजावे. तो तसाच ठेवून नवी बेअरिंगे घातली तर तीही त्याच जागी घासणार.

जुन्या बुलेटला ही पद्धत लागू पडत नाही. तिचा क्रँक दोन फ्लायव्हील आणि क्रँकपिन जोडून बनवलेला असतो, रॉड अखंड, आणि बिग एंडला (रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) तरंगता बुश, म्हणजे पिन आणि रॉड यांच्यामध्ये सुटी फिरणारी नळी. रॉड वर-खाली ओढल्यावर खट् वाजला की बिग एंडचे काम निघाले. बाजूला थोडा कलणे स्वाभाविक आहे. बुश बदलायला फ्लायव्हील सोडवावी लागतात आणि नंतर डायल गेज लावून क्रँक सरळ करावा लागतो. हे काम जमणारे हात आता थोडेच उरले आहेत, म्हणून इथे 'बघू पुढच्या वेळी' म्हणणे महागात पडते.

काही भाग मापात असले तरी एकेकटे वापरता येत नाहीत. कार-ट्रकच्या रॉड आणि त्याची कॅप (क्रँकभोवती बोल्टने कसलेला रॉडचा खालचा अर्धा भाग) जोडीनेच मशिन केलेली असते. सपाट तळाचा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा, कॅमवर टेकणारा भाग) कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्याच्या, ज्या उंचवट्यावर घासून बसला, त्याच्यावरच परत जावा. नव्या कॅमला टॅपेटही नवेच लागतात.

नवे म्हणजे चांगले असे नाही. कंपनीचा जुना व्हॉल्व्ह, दांडा मापात आणि तोंडाची कड पुरेशी जाड असेल तर, ग्राइंड करून बसवावा; डुप्लिकेट नव्यापेक्षा तो बरा. कड पातळ झाली असेल तर मात्र ती तापून जळते.

डिझेल इंजिनांत वेट लायनर (बाहेरून थेट थंड करणाऱ्या पाण्याला लागलेली सिलिंडरची बदलता येणारी नळी) असेल तर आणखी एक बाजू पाहावी लागते. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, पाण्यात बुडबुडे होऊन भिंतीवर फुटतात आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरणाऱ्या इंजिनात हे जास्त दिसते. असा लायनर आतून मोजला तर पूर्ण मापात भरतो, आणि ओढून बाहेर काढला की एका बाजूला चाळणी झालेली असते.