दुसऱ्याच्या शैलीत स्वतःचा चेहरा : एका अभ्यासाची पार्श्वभूमी

एखाद्या नामवंत चित्रकाराच्या शैलीत स्वतःचे चित्र रंगवणे हा कलाशिक्षणातील परिचित अभ्यास आहे. त्याकडे बहुधा नक्कल म्हणून पाहिले जाते आणि तेथेच त्याच्यावर अन्याय होतो. या अभ्यासामागे काही शतकांची परंपरा आहे, आणि त्या काळात चित्रकारांनी पूर्वसुरींकडून नेमके काय उसने घेतले हे वेळोवेळी बदलत गेले आहे.

युरोपात आत्मचित्र स्वतंत्र प्रकार म्हणून रुजले, त्या सुरुवातीच्या काळातील जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररच्या १५०० सालच्या आत्मचित्रातही उसनवारी आहे. वयाच्या २८व्या वर्षी त्याने स्वतःला अगदी समोरून, खांद्यावर रुळणाऱ्या केसांसह आणि छातीशी नेलेल्या हातासह रंगवले. अशी सरळ समोरची मांडणी त्या काळी मुख्यतः ख्रिस्ताच्या प्रतिमेसाठी वापरली जात असे. मात्र ती एका प्रतिमाप्रकाराची उसनवारी होती, एखाद्या चित्रकाराच्या शैलीची नव्हे.

एका विशिष्ट चित्रकाराशी उघडपणे नाते सांगणारे उदाहरण डच चित्रकार रेम्ब्रांटचे आहे आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. १६३९ साली ॲमस्टरडॅममध्ये इटालियन चित्रकार राफाएलने रंगवलेले, बाल्दासारे कास्तिल्योने या इटालियन लेखकाचे व्यक्तिचित्र लिलावात आले. रेम्ब्रांटने त्याचे झरझर रेखाटन केले आणि त्याच कागदावर, ते चित्र ३,५०० गिल्डरना (गिल्डर हे तेव्हाचे डच चलन) विकले गेल्याची नोंदही केली. फुगीर निळी बाही कठड्यावरून प्रेक्षकाकडे झेपावत आहे असे टिशियन या दुसऱ्या इटालियन चित्रकाराचे एक व्यक्तिचित्र होते. त्याची रचनाही रेम्ब्रांटला परिचित होती, याची साक्ष त्याचीच पुढची चित्रे देतात. त्याच वर्षीच्या आत्मचित्राच्या अम्लरेखनात (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात) आणि १६४० सालच्या तैलचित्रात तो दगडी कठड्यावर हात टेकून, शंभर वर्षांपूर्वीचा पोशाख घालून बसलेला दिसतो. बैठक टिशियनची आहे, पण अंधारातून हळुवार उमटणारा चेहरा आणि त्या चेहऱ्यावरचा सावध भाव रेम्ब्रांटचा स्वतःचा आहे. तेव्हा त्याचे वय ३४ होते आणि काही वर्षांपासून तो, टिशियन व राफाएल यांच्याप्रमाणेच, केवळ पहिल्या नावाने ओळखला जावा अशा रीतीने चित्रांवर सही करत होता. हे सारे एकत्र पाहिले की ही बैठक म्हणजे इटालियन आचार्यांच्या पंक्तीत बसण्याचा दावा होता, असे मला वाटते. आज ही दोन्ही तैलचित्रे, टिशियनचे आणि रेम्ब्रांटचे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, त्यामुळे हा संवाद डोळ्यांनी पडताळून पाहता येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसनवारीचा विषयच बदलला. व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८६ साली पॅरिसला आला, तेव्हा झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराची बिंदूंनी रंगवण्याची पद्धत चर्चेत होती. मॉडेलला द्यायला पैसे नसल्याने व्हॅन गॉगने आरशातल्या स्वतःवरच प्रयोग केले. १८८७ सालच्या त्याच्या आत्मचित्रांत सराचे स्थिर, मोजून ठेवलेले बिंदू लांबट आणि अस्वस्थ होऊन चेहऱ्याभोवती फिरू लागतात. त्याने घेतले ते तंत्र. त्या तंत्राची शांतता त्याला पेलण्यासारखी नव्हती, आणि त्याची शैली घडली ती नेमकी याच तफावतीतून.

अमृता शेरगिलने १९३४ साली रंगवलेले, ताहितीयन (पॅसिफिक महासागरातील ताहिती बेटावरच्या) स्त्रीच्या रूपातील आत्मचित्र मला या परंपरेतील सर्वांत धीट चित्र वाटते. बुडापेस्टमध्ये जन्मलेली, हंगेरियन आई आणि पंजाबी शीख वडील असलेली ही चित्रकर्ती तेव्हा पॅरिसमध्ये होती. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँने ताहितीच्या स्त्रिया बाहेरून आलेल्या पुरुषाच्या नजरेने रंगवल्या होत्या. शेरगिलने त्याचे सपाट, उष्ण रंग आणि अनावृत देहाची मांडणी घेतली, मात्र मॉडेलच्या जागी ती स्वतः उभी राहिली. तिच्या मागे एका पुरुषाची सावली पडलेली आहे आणि ती त्या सावलीकडे पाहत नाही. येथे शैलीबरोबर त्या शैलीमागची नजरही उसनी घेतली गेली आणि तिला प्रश्न विचारला गेला. १९८५ साली जपानी कलावंत यासुमासा मोरिमुरा याने व्हॅन गॉगच्या कानाला पट्टी बांधलेल्या आत्मचित्राचा वेश स्वतः धारण करून छायाचित्र घडवले. ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते.

२०१५ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथे लिऑन गातिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका छायाचित्राला दुसऱ्या चित्राची शैली चढवणारी संगणकीय पद्धत मांडली आणि अशी आत्मचित्रे मोबाइलवर काही क्षणांत तयार होऊ लागली. या पद्धतीत शैली म्हणजे रंग, पोत आणि फटकाऱ्यांचे परस्परसंबंध, असे गृहीत धरलेले असते. कोणती वस्तू कोठे आहे हे मात्र आशय म्हणून मूळ छायाचित्रातून जसेच्या तसे घेतले जाते. त्यामुळे टिशियनच्या चित्रातील रंग आणि पोत चेहऱ्यावर उतरतो, पण कठड्यावर टेकलेला हात त्यात येत नाही. तो हवा असेल तर छायाचित्र काढतानाच तसे बसावे लागते.